खारपाण पट्ट्यातला फायटर

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतील ज्या भागाला खारपाण पट्टा म्हणतात, तेथे बोअरचे पाणी माणसालाही पिववत नाही. नुसता जगवायचाच असेल तर बेटा, म्हणजे आपल्याकडे ज्याला फायटर म्हणतात तो मासा, पुष्कळ सोसतो. पण प्रदर्शनाच्या दर्जाची पिल्ले काढायची असतील तर या पाण्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून आमच्या घरची पैदास पावसाळ्यावर अवलंबून असते. टिनांवरून उतरलेले पाणी टाकीत साठवायचे, त्यात क्षार नावापुरतेच असल्यामुळे बोअरचे थोडे पाणी मिसळायचे, आणि देशी बदामाची वाळलेली पाने टाकून ते चहासारखे तांबूस होऊ द्यायचे, असा क्रम आहे.

हा मासा मूळचा थायलंडचा. 2019 मध्ये त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. भातशेतीच्या उथळ, साचलेल्या पाण्यात वाढत आल्यामुळे त्याला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचे एक इंद्रिय लाभले आहे. भंडारा-गोंदियाकडच्या बांध्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

जोडी लावण्यास ऑक्टोबर बरा, कारण तेव्हा पाण्याचे तापमान 26 ते 28 अंशांवर ठेवणे जड जात नाही. नर पाण्यावर फेसाचे घरटे बांधतो, मादीला वेढा घालतो आणि खाली ओघळणारी अंडी तोंडाने उचलून त्या फेसात नेऊन ठेवतो. अंडी घालून होताच मादीला बाहेर काढावे, कारण त्यानंतर नर तिला जवळ येऊ देत नाही. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात, आणखी दोन-तीन दिवसांत पिल्ले आडवी पोहू लागतात आणि मग नरालाही काढून घ्यावे लागते. पहिल्या दिवसांत पिल्लांना जिवंत, डोळ्यांना न दिसणारे खाद्य लागते. पुढे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाची अंडी मिठाच्या पाण्यात उबवून निघालेली पिल्ले द्यावीत. टाकीवर झाकण हवेच. हवेतून श्वास घेण्याचे इंद्रिय तयार होण्याच्या काळात वरची हवा गार आणि कोरडी असली, तर पिल्ले दगावतात.

रंगाचे गणित शेतकऱ्याला लवकर कळते. फिरोजी नर आणि पोलादी मादी यांची सगळी पिल्ले गडद निळी निघतात. पण त्या गडद निळ्यांची आपसांत जोडी लावली, तर साधारण निम्मीच तशी निघतात आणि उरलेली फिरोजी व पोलादी यांत वाटली जातात. संकरित कपाशीची सरकी घरी राखून पेरली की जे होते, तेच येथे होते.

मात्र रंग आणि शेपटी यांवर जितके बोलले जाते, तितके माशाच्या सवयीवर बोलले जात नाही, आणि माझ्या मते प्रदर्शनात खरा निवाडा तेथेच होतो. हाफमूनची, म्हणजे अर्धचंद्रासारख्या शेपटीच्या फायटरची, शेपटी पूर्ण 180 अंश उघडली पाहिजे हे सर्वांना ठाऊक असते. पण परीक्षकासमोर मासा कोपऱ्यात अंग चोरून बसला, तर ती शेपटी कोणाला दिसणार? म्हणून दोन-तीन महिन्यांचे नर वेगवेगळ्या बरण्यांत घातले, की बरण्यांच्या मध्ये पुठ्ठे उभे करतो. रोज ठरलेल्या वेळी पुठ्ठा काढायचा, शेजारी दिसताच मासा कल्ले फुगवून पर पसरतो, आणि काही मिनिटांतच पुठ्ठा परत लावायचा. कधी शेजाऱ्याऐवजी आरसा दाखवतो. याचा हेतू मासा चिडका करणे हा नसून त्याला लगेच फुलण्याची आणि लगेच शांत होण्याची सवय लावणे हा आहे. तासन्‌तास आरसा ठेवणाऱ्यांचे मासे थकतात, जड शेपटीचे पर फाटतात, आणि काही तर स्वतःचीच शेपटी चावून टाकतात. दोन नर एकत्र सोडून झुंज लावणे हा वेगळाच प्रकार आहे. त्याला मी छंद म्हणत नाही. बरण्यांसमोर माणसांची ये-जा असणेही उपयोगी पडते. “काऊन भाऊ, हे खायाच्या कामाचे आयेत का?” असे विचारणारे शेजारी नकळत माझे कामच करत असतात.

ही सवय मोडते ती प्रवासात. पाठवण्यापूर्वी एक-दोन दिवस माशाला उपाशी ठेवावे, म्हणजे पिशवीतले पाणी विष्ठेने खराब होत नाही. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा असावी. नुसता ऑक्सिजन भरण्याची गरज नसते. दुसरी पिशवी उलटी चढवली की कोपरे गोल होतात आणि मासा त्यांत अडकत नाही. प्रत्येक पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळायची, म्हणजे नर एकमेकांना पाहून वाटेतच दमणार नाहीत, आणि मग थर्मोकोलच्या डब्यात घट्ट बसवायची. पारा 45 च्या घरात जातो त्या दिवसांत मी कोणी कितीही आग्रह केला तरी पार्सल करत नाही, कारण ट्रॅव्हल्सच्या डिकीत काय तापमान असते ते थर्मोकोललाही झेपत नाही.

घेणाऱ्याने डबा अंधुक उजेडात उघडावा, पिशवी नव्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळू द्यावे आणि पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. पोहोचल्याच्या दिवशी आरसा दाखवू नये, असे मी डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो. पण बहुतेकांना पहिली घाई त्याचीच असते.