न शिजणारी डाळ

तिने पिशवी टेबलावर उलटी केली आणि मी बाटल्या मोजल्या. अकरा. तीन शाम्पू, दोन कंडिशनर, दोन मास्क, एक सीरम, एक कर्ल क्रीम, एक लीव्ह-इन (न धुता केसांत तसाच ठेवायचा कंडिशनर) आणि कांद्याचं चित्र असलेलं एक तेल. जवळजवळ सगळ्या पाऊण भरलेल्या. नवी बाटली आणायची, पंधरा दिवस वापरायची, काही फरक पडत नाही म्हणून कपाटात ढकलायची आणि पगार झाला की पुढची आणायची. वर्षभर हेच चाललं होतं.

"ताई, सगळं करून झालं. आता स्मूथनिंगच करून टाका. रविवारी बघायला येणार आहेत."

शुक्रवार होता, सकाळचे साडेदहा. कोथरूडला माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. ही मुलगी मूळची देवरुखची. नोकरीसाठी वाघोलीला दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. बघण्याचा कार्यक्रम कोथरूडच्या मावशीकडे, म्हणून माझ्याकडे आली. सोबत आई होती, दोन दिवसांपूर्वी गावाहून आलेली. आईच्या हातात मुलीचा शाळेतला फोटो. तो मला दाखवायचा म्हणून त्या माउलीने देवरुखहून आणला होता. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि कपाळावर सुटलेली गोल गोल, चमकदार वेटोळी.

"असे केस होते हो हिचे," त्या म्हणाल्या. "पुण्याला आली आणि काय झालं देव जाणे. काल वेणी घालायला बसले तर काथ्या वळतेय असं वाटलं."

मी बुचडा सोडला आणि मला तो शब्द पटला. कुरळा केस कोरडा असतोच. टाळूचं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, पण वळणावळणाच्या केसावर ते टोकापर्यंत पोचतच नाही. त्या कोरडेपणाचा स्पर्श माझ्या बोटांना पाठ आहे. हा तसा नव्हता. हे केस वाळलेले आणि चिकट, दोन्ही एकदम होते. मुळाशी मेणचट, टोकाशी खरखरीत. एक बट घेऊन अंगठ्याच्या नखाने मुळाकडून खाली खरवडली, तर नखाच्या कडेला राखाडी-पांढरा लोण्यासारखा थर आला. दोन बोटांत चोळला. विरघळला नाही. तिच्या कंगव्याच्या दात्यांतही तोच थर दाटून बसला होता.

"कोंडा आहे का?" आईंनी घाबरून विचारलं.

कोंडा नव्हता. टाळू स्वच्छ होती. पण काय आहे ते मलाही त्या घडीला सांगता येईना. मी एवढंच म्हटलं की हे काय आहे ते कळल्याशिवाय मी केस सरळ करायचं मशीन लावणार नाही.

मुलीचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण यावर मी ठाम असते, आणि त्याला कारण आहे. हाताखाली काम करत होते त्या दिवसांत एका नवऱ्यामुलीचं रीबॉन्डिंग माझ्या हातून झालं होतं. केसांवर आधी काय काय लावलंय हे मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ती रबरबँड काढायला गेली आणि मुठीएवढे केस त्या रबराबरोबर हातात आले. तिच्या लग्नाचा अल्बम मी अजून बघू शकलेली नाही. रीबॉन्डिंगमध्ये केसाच्या आतले, त्याला आकार देणारे गंधकाचे बंध रसायनाने तोडायचे आणि केस सरळ धरून पुन्हा जोडायचे असतात. केराटिन किंवा स्मूथनिंगच्या नावाखाली जे होतं त्यात बरेचदा आम्लाचं किंवा फॉर्माल्डिहाइड सोडणारं द्रावण लावून 200 अंशांच्या आसपास तापलेली इस्त्री केसावरून फिरवतात. फॉर्माल्डिहाइड माणसाला कर्करोग करतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2004 सालीच ठरवलं आहे. त्याचा धूर गिऱ्हाइकापेक्षा आम्ही जास्त घेतो. आणि एवढं करून महिन्याला सेंटीमीटरभर नवा केस मुळातून कुरळाच येत राहतो. ज्याला हे करायचंच आहे त्याला मी अडवत नाही, सगळं सांगते आणि मग त्याची मर्जी. पण अनोळखी थर चढलेल्या केसावर, दोन दिवसांत दाखवायचंय म्हणून? ते माझ्याकडून होणार नव्हतं.

मी चहा ठेवला. विचार करायला वेळ हवा होता.

चहा पिता पिता आई बोलत होत्या, इकडचं तिकडचं. वाघोलीची गर्दी, मावशीचं घर, रविवारी पोहे करायचे की उपमा. मग म्हणाल्या, "काल हिच्याकडे आमटी करायला घेतली. कुकरच्या सात शिट्ट्या केल्या, पण डाळ आपली तशीच टणक. आमच्याकडे तीन शिट्ट्यांत लोणी होते."

कप तसाच खाली ठेवला.

"वहिनी, डाळ कुठल्या पाण्यात लावली होती?"

"नळाच्या. प्यायला जार येतो, पण तो विकतचा. डाळीला कशाला वापरायचा?"

"आणि नळाला काय येतं गं? बोअर की टँकर?"

"बोअर," मुलगी म्हणाली. "उन्हाळ्यात टँकर. गीझर वर्षात दोनदा बिघडला. माणूस म्हणाला, कॉइलवर क्षार बसलेत."

"केस कशाने धुतेस?"

ती जरा घुटमळली. "आठवड्यातून एकदा शिकेकाई साबण. शिकेकाई सोडू नकोस असं आई सांगते. मधल्या न्हाण्याला यातला एखादा शाम्पू."

आता सगळं जुळलं. शाळेत सातवी-आठवीला 'दुष्फेन पाणी' शिकलो होतो ना, तेच. ज्याला फेस येत नाही ते. देशावरचा काळा पाषाण फोडून खोलातून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर मुरलेलं असतं. त्याने डाळीची सालं आणि दाणे घट्ट होतात, गीझरच्या कॉइलवर खडू जमतो, आणि त्यात वडीचा साबण पडला की फेसाऐवजी न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जी पांढरट चिकट रेघ बसते तोच. तिच्या डोक्यात दर आठवड्याला तो साका बसत होता. देवरुखला जांभ्यातल्या विहिरीचं मऊ पाणी. तिथे तोच साबण लावून तिची आई, आजी आणि ती स्वतः छान केस राखत आल्या. आईचा सल्ला चुकला नव्हता. पाणी बदललं होतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण दर महिन्याला कुणीतरी मला यावरून विचारतं. शिकेकाईच्या शेंगांची पूड आणि शिकेकाई साबण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शेंगेत निसर्गतःच फेस करणारं द्रव्य असतं, रिठ्यात असतं तसंच. वडी मात्र मुळात साबणच, त्यात थोडी शिकेकाई.

आणि ते तीन शाम्पू? तिन्हींवर सल्फेट, म्हणजे शाम्पूतलं जोरदार मळ काढणारं द्रव्य, नाही असं ठळक छापलेलं. कुरळ्या केसांना सल्फेट नको हे तिने कुठेतरी वाचलं होतं, आणि एरवी ते मीही सांगते. पण सौम्य शाम्पूला हा थर निघत नव्हता. मग त्याच्यावर मास्क, मास्कवर क्रीम, क्रीमवर सीरम. केसाला त्यातलं काही मिळतच नव्हतं.

माझ्याकडे पोहायला जाणाऱ्या मुलींसाठी एक शाम्पू असतो. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ईडीटीए लिहिलेला. हे द्रव्य कॅल्शियमला धरून पाण्याबरोबर वाहून नेतं. माझ्या बेसिनला महापालिकेचं, खडकवासल्याचं धरणाचं पाणी. तिला आडवं झोपवलं, केसांचे चार भाग केले आणि लावून पाच मिनिटं ठेवलं. पहिल्यांदा धुतलं तेव्हा बेसिनमधून ताकाच्या निवळीसारखं गढूळ पाणी गेलं. आईंना उठवून दाखवलं. दुसऱ्यांदा फेस आला, बऱ्यापैकी. तिसऱ्यांदा तळहातभर, पांढराशुभ्र. ओल्या केसावरून बोट ओढलं की चिरका आवाज यायला लागला, घासलेल्या काचेचा येतो तसा. मग मी कंडिशनर घेतला.

तिच्याच अकरातला घ्यायचा ठरवलं, कारण घरी तिला तोच वापरायचा होता. आणि इथे दुसरी चूक सापडली. गळालेला एक ओला केस मी तिच्या दोन बोटांत दिला. "लागतोय का हाताला?"

"नाही. काहीच लागत नाही."

"मग तुझे केस जाड नाहीत. दाट आहेत."

आपल्या भाषेत हे दोन शब्द सरळ वेगळे आहेत, तरी आपणही बोलताना गल्लत करतो. डोक्यावर केस किती, ते दाट किंवा विरळ. एकेक केस कसा, तो जाड किंवा बारीक. जाड केस बोटांत धरला तर शिवणाच्या दोऱ्यासारखा स्पष्ट जाणवतो. बाटलीवर मात्र इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, 'थिक'. ती तो शब्द वाचून घेत गेली आणि तिच्या हाती आल्या जाड केसांसाठीच्या वस्तू. शिया बटर, एरंडेल, घट्ट लोण्यासारखे मास्क. बारीक केसाला ते ओझं होतं. वळण ओघळतं आणि केस मेणचट दिसतो. अकरातल्या दोनच तिच्या कामाच्या निघाल्या. पातळसा कंडिशनर आणि पाण्यासारखा लीव्ह-इन. पंधराशेचा मास्क मी आईंना दिला. त्यांचा केस खरोखर जाड होता, बोटात दोऱ्यासारखा.

कंडिशनर लावून, केस पाण्याने निथळत असतानाच गुंता काढला. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकापासून वर वर येत. पाऊण तास लागला. कुरळा केस कोरडा विंचरायचा नाही, हे मला प्रत्येकीला सांगावंसं वाटतं. कोरड्यावर कंगवा फिरला की वळणं एकमेकांपासून तुटतात, केस पिंजारतो, आणि मग लहानपणापासून पोरीला झिंज्या झाल्या म्हणून ऐकावं लागतं.

जवसाचं जेल मी स्वतः करते. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत आठ-दहा मिनिटं. चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबायला लागली की गरम असतानाच गाळायचं. गार झाल्यावर गाळायला गेलात तर थेंब खाली उतरत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. आईंना नवल वाटलं. जवसाची चटणी त्यांना माहीत होती. ते जेल ओल्या केसांना लावलं, जुन्या सुती टी-शर्टने तळव्यांत धरून वर वर दाबलं, आणि ड्रायरला डिफ्युझर, म्हणजे हवा पसरवणारं तोंड, लावून कमी उष्णतेवर वाळवलं. वाळल्यावर केस पापडासारखे कडक होतात. मुलीने हात लावला आणि तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, पुन्हा तेच. मी म्हटलं, "थांब गं, झालं नाही अजून." तळव्यावर दोन थेंब खोबरेल चोळलं आणि केस मुठीत हलकेच चुरले. जेलचा पापुद्रा मोडला आणि आतून वेटोळी सुटली. फोटोतली. कमरेपर्यंतचे केस खांद्याखाली चार बोटांवर आले.

"कापलेत का?" आई म्हणाल्या.

मी एक बट धरून ओढून दाखवली. कमरेला पोचली. सोडली, आणि ती परत वर गेली. त्यांनी स्वतः तीनदा ओढून पाहिली.

मुलगी आरशासमोर बसून होती. काही बोलली नाही. मीही मुद्दाम कंगवे धुवायला गेले.

जाताना तिला फार काही सांगितलं नाही. साबण बंद. पंधरा दिवसांतून एकदा ईडीटीएवाला शाम्पू, मधे तिचा सौम्य. न्हाणं झालं की शेवटचे दोन तांबे जारच्या पाण्याचे. आणि रात्री फ्लॅटवर गेल्यावर एक बाटली अर्धी नळाच्या पाण्याने भर, साबणाचा कीस टाक, खूप हलव आणि मला व्हिडिओ पाठव. रात्री साडेनऊला आला. फेसाचा टिपूस नाही, दूध नासल्यासारख्या गुठळ्या वर तरंगत होत्या. मी माझ्या बेसिनचं पाणी तसंच हलवून बाटलीच्या गळ्यापर्यंत आलेल्या फेसाचा व्हिडिओ तिला पाठवला. तिने उत्तरात फक्त लिहिलं, "ताई, वर्षभर मी माझ्या केसांना शिव्या देत होते."

स्थळाचं काय झालं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. रविवारी ती केस मोकळे सोडून बसली होती, एवढं मावशीकडून कळलं.

तीन आठवड्यांनी देवरुखहून फोन आला. आईंनी आधी जवसाचं प्रमाण पुन्हा विचारून घेतलं, त्यांच्या जावेच्या मुलीसाठी. मग आवाज खाली आणून, जणू घरातली खास बातमी सांगावी तसं म्हणाल्या, "ताई, आता ती जारचंच पाणी घेते कुकरला. तीन शिट्ट्यांत शिजली हो डाळ."