कूलरखालचा हंसराज

मे महिन्यात आमच्या धरमपेठेतल्या घरी हिरवं म्हणावं असं एकच काही उरतं: कूलरखाली ठेवलेली हंसराजाची कुंडी. कूलरचं पाणी ठिबकतं, त्यावर ते नेचं उन्हाळा काढतं. यंदा पंप जळला आणि चार दिवसांत त्याची पानं चहाच्या भुकटीसारखी चुरायला लागली.

"मेलं ते. फेकून दे ना आता," आई म्हणाली.

फेकलं नाही. दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर कोथिंबिरीसारख्या पानांचं एक इवलंसं नेचं होतं. 1958 नंतर ते कुणाला दिसलं नाही, म्हणून 2003 मध्ये नामशेष ठरवून टाकलं. 2009 मध्ये तिथल्या डोंगराच्या कड्यावर त्याचीच चार रोपं निघाली! त्याला हुसकावणाऱ्यांत बाहेरून आलेला हंसराजही आहे, म्हणजे माझ्या कुंडीतल्या बापड्याचेच भाऊबंद. हे मी आईला सांगितलं नाही.

एका वटवाघळाची गोष्ट याच्या उलटी. ते समोर असून दिसलं नाही. तामिळनाडूच्या डोंगरात 1948 मध्ये एक फळखाऊ वाघूळ पकडलं गेलं आणि दुसऱ्याच, नेहमीच्या जातीच्या नावाची चिठ्ठी लागून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहात पडून राहिलं. चोवीस वर्षं! 1972 मध्ये थायलंडचे प्राणीशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्यांनी ते वेगळं असल्याचं ओळखलं, पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचं नाव दिलं. त्याच वर्षी आपला वन्यजीव कायदा आला आणि त्यात सरसकट फळखाऊ वाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवींच्या यादीत बसली. सालिम अलींच्या वाघळाला पुढे त्या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत जागा मिळाली, पण एकेका पिल्लावर चालणारा वंश तो, हजारो बीजाणू उधळणाऱ्या नेच्यासारखी चैन त्याला कुठली.

आमच्याकडे येतात ती साधी वाघळं. रात्री शेजारच्या देशी बदामावर त्यांची भांडणं चालतात आणि सकाळी गच्चीवर रस पिळून थुंकलेले चोथे पडलेले असतात, दातांचे ठसे उमटलेले, चपटे. आईच्या लेखी वाघूळ म्हणजे एवढंच: रोजचा झाडू.

परवा नवा पंप बसला. मी कुंडी पुन्हा ठिबकत्या पाण्याखाली सरकवली. आई गच्ची झाडून खाली आली, सुपली घेऊन कुंडीपाशी थांबली आणि सगळे चोथे तिच्यात ओतले.

"राहू दे," म्हणाली, "खत होऊन जाईल."