एका ऑटोमॅटिकने अख्खी रेक अडवली

एनएमजी (न्यूली मॉडिफाइड गुड्स) रेक, म्हणजे नव्या कार वाहून नेणारी मालगाडी, बाहेरच्यांना माहीत नसते, म्हणून आधी थोडक्यात. प्रवासी सेवेतून काढलेले जुने आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचे) डबे घ्यायचे, सीटा, पंखे, संडास उपटायचे, खिडक्या पत्र्याने बंद करायच्या आणि दोन्ही टोकांना मोठी दारं बसवायची. डब्याडब्यांच्या मधे फॉल प्लेटा, म्हणजे फट झाकणारे लोखंडी पत्रे, टाकल्या की पंचवीस डब्यांचा अर्धा किलोमीटरहून लांब बोगदा तयार, नव्या कार एका टोकाने चालवत आत न्यायच्या. आमचा शेड भर शहरात, दिवसा ट्रेलरला नो एन्ट्री, पण उतरवलेली कार स्वतःच्या चाकांवर निघून जाते, म्हणून हा धंदा इथे चालतो. आमची लाइन आखूड, त्यामुळे रेक दोन तुकड्यांत लागते, आणि उलट्या तोंडाने आली तर सगळ्या कार रिव्हर्समधे काढायच्या. फॉल प्लेट बसवणं हे आमच्या मुकादमाचंच काम. शेजारच्या दोन डब्यांची उंची कधी सारखी नसते, तो पायाने दाबून बघतो, पाचर मारतो, मगच पहिली कार सोडतो.

त्या सकाळी प्लेटा चोख बसल्या होत्या. रॅम्पजवळच्या पहिल्याच कारची बॅटरी मेलेली. साधी गिअरची असती तर न्यूट्रलला टाकून चार हमालांनी ढकलली असती, पण ही ऑटोमॅटिक, पार्किंगला लॉक, पुढची चाकं जाम. मागे सगळ्या कार अडकल्या, बाजूची दारं वेल्डिंग करून बंद. आत वारा नाही, पत्रा तापलेला. पार्टीचा, म्हणजे मालवाल्यांचा, ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी किल्ली फिरवून बघत होता, जणू बॅटरीला दया येईल. जंपर केबल कोणाकडेच नाही. लाखोंचा माल पाठवतात, निगेटिव्हची वायर काढायचं मात्र सुचत नाही!

शेवटी एका पोरट्या हमालाने मोबाइलवर शोधून सांगितलं, ‘साहेब, गिअरच्या बाजूला बारीक झाकण असतं बघा.’ स्क्रू ड्रायव्हरने ते उचकटलं, आतलं बटण दाबून धरलं, ब्रेकवर पाय, आणि लिव्हर न्यूट्रलला आला. ब्रेकवरचा पाय काढून ढकलली, रॅम्प सरळ होता म्हणून बरं. तोवर अडीच तास गेले, माल उतरवायचा फ्री टाइम संपला, डेमरेज, म्हणजे रेक अडवून ठेवल्याचा दंड, लागलं.

आता भांडण डेमरेज कोणाचं. पार्टी म्हणते डब्याला बाजूचं दार नाही हा रेल्वेचा दोष, आमचे साहेब म्हणतात माल चालू कंडिशनमधे देणं पार्टीचं काम. कागदावर साहेब बरोबर आहेत. पण हे डबे कापले तेव्हा ऑटोमॅटिक कार क्वचितच यायची, आता दर खेपेला असतात, आणि हल्ली नव्या डब्यांना बाजूची रुंद दारं देतातच ना? मग या जुन्या डब्यांपैकी निदान दोन्ही टोकांच्या डब्यांना का नाही, हे मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, लेखी द्या. दिलंय.