४१३००१

आज दुपारी चादरींच्या पार्सलवर पत्ते लिहीत होते. पाठवणाऱ्याच्या जागी प्रत्येक वेळी तोच आकडा, ४१३००१. सोलापूरचा पिनकोड. सातवीतला भाचा शेजारी बसला होता, म्हणाला, "मावशी, याला ९ ने भाग जातो." अंकांची बेरीज ९, म्हणजे जाणारच! वही ओढली आणि पत्ते राहिले बाजूला.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो, तिला 'हर्षद' म्हणतात. आनंद देणारी. हे नाव देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी दिलं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. शाळा सांभाळून आयुष्यभर आकड्यांत रमले आणि त्यांचं नाव जगभर गेलं.

९ ने भागल्यावर उरले ४५८८९. इथे खरी दमछाक झाली. ७, ११, १३ करत एकेक मूळ संख्या लावत गेलो, चहा गार झाला, आणि १०९ ला दार उघडलं: १०९ × ४२१. दोन्ही मूळ संख्या, दोन्हींना ४ ने भागलं की बाकी १. अशा मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येतात, हे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचं म्हणणं. अशा दोन संख्यांचा गुणाकारही तसाच मांडता येतो, आणि ९ तर ३ चा वर्गच. म्हणून आमचा पिनकोडही मांडता येतो, तोही दोन प्रकारे:

३२४² + ५५५²
५७६² + २८५²

दोन्ही बेरजा हातानं पडताळल्या. अंगावर काटा आला हो!

पार्सलं संध्याकाळी गेली. भाचा आता त्याच्या घरच्या ४१३००४ वर बसलाय. बेरीज १२, भागाकार ३४४१७. तोही हर्षद निघाला.