चुरीची वाइन

आमची दोन एकर संत्राबाग वरुड तालुक्यात. आंबिया बहराचा माल नोव्हेंबर-डिसेंबरात निघाला की व्यापारी मोठं फळ उचलायचा. लहान फळ, ज्याला आम्ही चुरी म्हणतो, बांधावरच पडून राहायचं. माय ती टोपल्यात भरून आठवडी बाजारात न्यायची. माझी शाळेची फी त्यातूनच निघाली.

बारावीत गणितात नापास झालो आणि नाशिककडे गेलो. एका वायनरीत टाक्या धुवायचं काम मिळालं. सहा वर्षांत रसाची साखर मोजण्यापर्यंत पोचलो. द्राक्षाचा रस 22-23 ब्रिक्स दाखवायचा, म्हणजे शंभर भागांत साधारण तेवढी साखर. एका दिवाळीत साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घरी आणला आणि संत्र्याच्या रसाचा थेंब ठेवला, तर 11. म्हणजे वाइन जेमतेम सहा टक्क्यांची. वरून साखर घालणं आलंच. लिटरमागे 17 ग्रॅम साखरेतून साधारण एक टक्का अल्कोहोल तयार होतं. वहीत हिशेब मांडला, चुरीची वाइन गावातच काढायची ठरवली आणि नोकरी सोडली. (वरच्या साहेबाशी वाजलंही होतं, ते खोटं कशाला बोला.)

ग्रामसभेत बाया उठल्या, "काहून बाबू, आता गावातच दारू काढतं का?" माय मागं गप्प बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "मीबी हात वर नसता केला." तिसऱ्या सभेत ठराव झाला, तोही चुरी ठरलेल्या भावानं गावातूनच घेईन असं लिहून दिलं तेव्हा. बँकेत पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा फॉर्म घेऊन गेलो, तर मादक पदार्थ त्यात बसत नाहीत म्हणून परत. शेवटी एक एकर गहाण पडलं. अकृषक परवानगी, प्रदूषण मंडळ, अन्न परवाना ही चक्करं कशीबशी उरकली. जीव खाल्ला तो उत्पादन शुल्कच्या परवान्यानं. टाक्या बसवून, मोजून झाल्याशिवाय परवाना नाही आणि परवान्याशिवाय टाकीत थेंब टाकायचा नाही. रिकाम्या टाक्यांवर चौदा महिने व्याज भरलं.

आणि पहिली 500 लिटरची टाकी कडू निघाली. विषासारखी कडू! रस काढताना गोड लागला होता. बिया आणि आतली पांढरी साल रगडली गेली की काही तासांनी रसात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य उतरतं, ही गोष्ट द्राक्षात वाढलेल्या माझ्या डोक्यात आलीच नाही. ती वाइन ओतून द्यायलासुद्धा अर्ज करावा लागला, अधिकारी उभा असताना नालीत सोडली. आता फळ हातानं सोलतो, पांढरं काढतो, बिया फुटणार नाहीत इतकंच दाबतो. वेळ तिप्पट लागतो, रस कमी निघतो. पण कडवटपणा जिभेच्या टोकाला हलकासा राहतो, तेवढा हवाच.

मामाचं गाव वर्धा नदीपलीकडे, आष्टी तालुक्यात. जिल्हा वर्धा, म्हणजे दारूबंदी. गेलो की मामा हळूच म्हणतो, "भाच्या, पुढच्या खेपेले एक बाटली आणजो." मी डिक्की उघडतो आणि संत्र्याची पिशवी त्याच्या हातात देतो.