बार्बारेस्को : एकरी सव्वातीन टनांचं गणित

तूरिनहून आगगाडीनं आल्बाला उतरलं की लांगेच्या टेकड्या सुरू होतात. इटलीतल्या पिएमोंते प्रांतातल्या या टेकड्यांवर आलेले बहुतेक पर्यटक बरोलो या वाइनसाठी प्रसिद्ध गावाच्या ओढीनं नैर्ऋत्येकडे वळतात. आम्ही उलट्या दिशेनं, तानारो नदीच्या बाजूला, बार्बारेस्कोला गेलो. गाव एवढंसं आहे. मुख्य रस्ता एकच, एक चर्च, आणि टोकाला नदीवर झुकलेला जुना बुरूज. बुरुजावर चढलं की चहूकडे नुसते उतार दिसतात आणि त्या उतारांवर द्राक्षवेली.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, बाग घरचीच. त्यामुळे आधी बुरूज सोडून बागेत शिरावंसं वाटलं. इथे मांडव नाही. रांगा उताराला आडव्या, डोक्याच्या उंचीपर्यंत तारा, आणि प्रत्येक वेलाची एक लांब काडी वाकवून खालच्या तारेला बांधलेली. ठिबकची नळी कुठेच दिसली नाही. माती राखाडी-निळसर, चुनखडीची. ढेकूळ बोटांत दाबलं की त्याचे पापुद्रे सुटतात. ऑक्टोबर नुकताच लागला होता आणि नेबिओलो या इथल्या वाइनच्या द्राक्षाची तोडणी चालू होती. लहान मण्यांचे, काळपट जांभळे, वरून धुरकट थर असलेले घड. घडांच्या भोवतालची पानं काढून टाकलेली, म्हणजे ऊनही लागतं आणि वाराही खेळतो.

नेबिओलो हट्टी जात. फुटते सगळ्यांच्या आधी, पिकते सगळ्यांच्या शेवटी. म्हणून तिला दक्षिणेकडे तोंड करून असलेला उतारच लागतो. हिवाळ्यात ज्या उतारावरचं बर्फ आधी वितळतं, तिथे नेबिओलो लावायची, हा इथला जुना ठोकताळा. बाकीच्या जागी बार्बेरा, दोल्चेत्तो या दुसऱ्या द्राक्षजाती, आणि अगदीच थंड बाजूला हेझलनटची झाडं.

संध्याकाळी धाकट्या भावाला फोटो पाठवले. त्याची घरी गोडी छाटणी (फळासाठीची) चाललेली, तरी लगेच फोन आला. पहिला प्रश्न ठरलेला.

"ताई, एकरी किती टन काढतात?"

बार्बारेस्को वाइनसाठी कायद्यानं हेक्टरी ८ टनांची मर्यादा आहे, म्हणजे एकरी सव्वातीन टन. जास्तीचे घड उन्हाळ्यातच कापून जमिनीवर टाकतात. वर वाइन २६ महिने ठेवल्याशिवाय विकायची नाही, त्यातले किमान ९ महिने लाकडी पिंपात.

"मग त्यांचं भागतं कसं?"

या प्रश्नाचं उत्तर गावातच, चर्चसमोरच्या सोसायटीत आहे. पूर्वी इथल्या शेतकऱ्यांची द्राक्षं व्यापारी उचलायचे, बरीचशी बरोलोच्या वाइनमध्ये जायची. आल्बाच्या वाइनशाळेचे प्रमुख दोमित्सियो काव्हात्सा यांनी १८९४ मध्ये नऊ शेतकरी एकत्र आणले आणि बार्बारेस्को याच नावानं वाइन काढायला सुरुवात केली. फॅसिस्टांच्या काळात ती संस्था बंद पडली. मग १९५८ मध्ये गावचे पाद्री फियोरिनो मारेंगो यांनी १९ छोट्या शेतकऱ्यांना पुन्हा गोळा केलं, कारण एकेकट्यानं टिकणं अशक्य झालं होतं. पहिल्या तीन हंगामांची वाइन चर्चच्या तळघरात तयार झाली! तीच आजची 'प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को'. सभासद आता पन्नासच्या आसपास. अट एकच कडक: आपलं सगळं नेबिओलो इथेच घालायचं. चांगला भाव आला म्हणून निम्मा माल बाहेर, असं चालत नाही.

आणि माझ्या मते खरी ताकद पुढच्या गोष्टीत आहे. हंगाम चांगला असेल तर ही सोसायटी नऊ उतारांची वाइन वेगवेगळी बाटलीबंद करते आणि उताराचं नाव बाटलीवर घालते. हंगाम साधा असेल तर सगळं एकत्र. मी आझिली आणि मोंतेस्तेफानो हे दोन पेले शेजारी ठेवून प्यायले. जात एकच, वर्ष एकच, पिंपं सारखीच. रंग दोन्हींचा फिका, विटेसारखा, आरपार दिसणारा. आझिलीला वाळलेल्या गुलाबाचा वास, घोट हलका, लांबत जाणारा. मोंतेस्तेफानो मात्र हिरडा चघळल्यासारखा तोंड ओढून घेतो, आणि ती तुरटी ओसरली की मागून डांबर, ज्येष्ठमध असं काहीतरी वर येतं. दोन बागांमधलं अंतर पायी जाण्याइतकंच. शेतकऱ्याची जमीन अशी पेल्यात ओळखू येते हे मला फार मोठं वाटलं. आमच्याकडे वडनेरचा माल आणि उगावचा माल यांतला फरक व्यापारी एका नजरेत सांगतो, पण पेटीवर ते नाव कधी येत नाही.

भावाला हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आधी सगळा माल सोसायटीत घालायला लोक तयार झाले पाहिजेत." त्याचं म्हणणं चुकीचं नाही.

दुसऱ्या दिवशी बरोलो आणि शेजारचं ला मोर्रा गाव पाहिलं. सुंदर आहे, पण गर्दी फार. तिथला अंड्याच्या पिवळ्या बलकाचा बारीक शेवयांसारखा ताय्यारिन पास्ता मात्र नुसत्या लोण्यावर मागवून खाच.

जाणार असाल तर ऑक्टोबरमध्ये आल्बाला पांढऱ्या ट्रफलची (जमिनीखाली उगवणारी महागडी, सुवासिक बुरशी) जत्रा असते, त्यामुळे खोली आणि वाइन चाखण्याची वेळ दोन्ही आधी ठरवा. आणि सोसायटीत एकच पेला घेऊ नका. एकाच वर्षाचे दोन उतार शेजारी मागा.