किती कुलपे पुरेशी?

दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन सुरक्षिततेच्या बाबतीत मी इतका काटेकोर झालो होतो की, प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) लावली, कोड देणारे ॲप फोनमध्ये घातले आणि अडीअडचणीला वापरायचे राखीव कोडही त्याच फोनच्या नोंदवहीत लिहून ठेवले. त्या जुलैमध्ये दापोलीजवळच्या एका ओढ्यात फोन पडला आणि मी अकरा दिवस स्वतःच्याच ईमेलच्या दाराबाहेर ताटकळत राहिलो. चोर तर आलाच नव्हता.

तेव्हापासून नवे कुलूप लावण्याआधी मी काय जपायचे आहे, कोणापासून जपायचे आहे आणि किल्ली हरवली तर आपले काय होईल, याचा विचार करतो. ॲपलने 2022 मध्ये आणलेला, फोनच्या अनेक सोयी आवळून सुरक्षा वाढवणारा लॉकडाउन मोड मित्राच्या आग्रहावरून मी काही दिवस वापरून पाहिला होता. पण अत्यंत प्रगत हेरगिरीचे लक्ष्य होऊ शकतील अशा मोजक्या व्यक्तींसाठी तो आहे, असे कंपनी स्वतःच सांगते. मला भीती आहे ती लोकलमधल्या पाकीटमाराची आणि गोड बोलून ओटीपी मागणाऱ्या भामट्याची.

या दोघांचा विचार केला की सर्वांत जास्त जपायच्या गोष्टी दोनच उरतात. पहिली ईमेल, कारण इतर बहुतेक खात्यांचा पासवर्ड बदलण्याचा दुवा तिथेच येतो. तिचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नाही. दुसरी सिमकार्ड. फोनला स्क्रीन लॉक असले, तरी चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की बँकेचे ओटीपी त्याच्या हातात पडतात. सिमलाच पिन लावला, तर ही वाट बंद होते. मात्र हा पिन लावण्याआधी मोबाइल कंपनीने दिलेला मूळ पिन ठाऊक करून घ्यावा. तीन वेळा चुकल्यास सिम अडकते आणि मग ते उघडणाऱ्या पीयूके क्रमांकासाठी त्या कंपनीकडे जावे लागते. आमच्या कार्यालयात ही सोय एकालाही माहीत नव्हती, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

आधारच्या बाबतीत मात्र माझी आणि आईची व्यवस्था मी मुद्दाम वेगळी ठेवली आहे. माझे बायोमेट्रिक लॉक केलेले आहे, त्यामुळे माझ्या बोटांचे ठसे कोणी मिळवले तरी त्यांच्या जोरावर आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत. आई गावी राहते आणि रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेते. तिचे लॉक दर महिन्याला उघडून देण्यासाठी मी तिथे नसतो, आणि सुरक्षिततेपायी तिला रिकाम्या पिशवीने परत यावे लागले, तर ती सुरक्षितता काय कामाची? म्हणून लॉक न लावता तिच्या आधारशी जोडलेल्या खात्यात गरजेपुरतीच रक्कम ठेवली आणि उरलेली मुदत ठेवीत टाकली. ओळखपत्राची प्रत द्यायची वेळ आली की आम्ही दोघेही शेवटचे चारच अंक दिसणारे आधार देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 2017 मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले खरे, पण झेरॉक्सच्या दुकानातल्या टेबलावर आजही लोकांच्या आधारच्या प्रती उघड्या पडलेल्या असतात.

व्हॉट्सॲपच्या बॅकअपला वेगळा पासवर्ड देऊन कूटबद्धीकरण (एन्क्रिप्शन) लावण्याची सोय आहे. ती मी घेतलेली नाही. तो पासवर्ड विसरलो तर सगळा बॅकअप जाईल, आणि त्यात जपण्यासारखे नातेवाइकांच्या सुप्रभातांपलीकडे फारसे काही नाही.

राखीव कोड आता कागदावर लिहून कपाटात ठेवले आहेत आणि त्यांची एक प्रत बहिणीकडे बंद पाकिटात आहे. दिवाळीच्या साफसफाईत मी तो कागद काढून पाहतो, कारण एक कोड एकदाच चालतो आणि वापरलेल्यावर काट मारायला मी हमखास विसरतो.